आतला पॅड

"हे काय आहे, सांगा बरं मला! हे काय आहे?"

मास्तरांनी काळा, चपटा तुकडा जावयाच्या नाकासमोर धरला. अंगणात गाडी जॅकवर उचललेली होती, खाली दोन लाकडी ठोकळे सरकवलेले होते आणि पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सुटीचा दिवस असूनही जावई सकाळी साडेनऊला इस्त्रीच्या शर्टात होता, आणि त्याच्या हातात सर्व्हिस सेंटरचा छापील कागद होता.

"ब्रेक पॅड," जावई म्हणाला. "थोडा झिजलाय."

"थोडा? अहो, काडेपेटीतल्या काडीएवढंसुद्धा लायनिंग उरलं नाहीये ह्याच्यावर! अजून चार दिवस गेले असते तर लोखंडावर लोखंड घासलं असतं. आणि तुमचा कागद काय म्हणतोय?"

जावयाला कागद वाचायची गरज नव्हती, तरी त्याने वाचला. "पुढचे ब्रेक, उत्तम. हिरवी खूण आहे. नऊ दिवसांपूर्वीची."

"हिरवी खूण! घाला चुलीत तुमची हिरवी खूण!"

लेक पायरीवर बसून चहा पीत होती. गाडी तिची होती. टेकडीवरच्या ह्या घरातून ती रोज दुपारी दोनला निघायची, अकरा वळणांचा उतार उतरून खालच्या वस्तीतल्या दवाखान्यात जायची. तिथे ती नर्स होती. लशींचा थंड डबा शेजारच्या सीटवर ठेवायची, पट्टा बांधायची, की सुटली. तीनचार दिवसांपासून वळणावर बारीक किरकिर ऐकू येते, असं ती काल रात्री जेवताना सहज बोलली होती. जावई म्हणाला होता, आत्ताच सर्व्हिसिंग झालंय, धूळ असेल. मास्तर म्हणाले होते, धूळ नाही. मग दोघांत जी जुंपली, ती आज सकाळपर्यंत. जावई वाईट माणूस नव्हता हो. पण छापील कागदावर त्याचा फार जीव, आणि निवृत्त सासऱ्याच्या बोलण्यावर तितकासा नाही. ह्या घरात आपल्या शब्दाला, निदान ब्रेकच्या बाबतीत तरी, काही किंमत उरली आहे की नाही, हे मास्तरांना आज बघायचंच होतं.

एकतीस वर्षं बस डेपोत त्यांनी ब्रेक सोडून दुसरं काही केलं नव्हतं. म्हणून तर सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे, आणि पुढे नुसतंच मास्तर. ज्या बसचा ब्रेक त्यांना पटला नाही ती बस सुटायची नाही. मग साहेब ओरडोत, प्रवासी दार ठोकोत, मास्तर बसखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यातून वर मान काढून एकच सांगायचे, "नाही सुटणार." त्यापायी दोनदा बढती हुकली. डेपोत त्यांनीच पाडलेली एक रीत होती, भिंतीची फेरी. ज्याने ब्रेक बसवला त्यानेच बस आवारातल्या मागच्या भिंतीपर्यंत न्यायची आणि थांबवायची. आत दुसरं कोणी बसायचं नाही. आपण केलेल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग लोकांचा.

"चाकाच्या आऱ्यांमधून काय दिसतं?" मास्तरांनी लेकीला विचारलं, पण ऐकवलं जावयाला. "बाहेरचा पॅड. तो अर्धा शिल्लक आहे. हा आतला. सरकायची पिन अडकलीये, म्हणून सगळा भार ह्याच्या एकट्यावर. हा बघायचा तर चाक काढावं लागतं. चार बोल्ट, पाच मिनिटं! तेवढे कष्ट घेतले नाहीत त्या लोकांनी, आणि खूण मारून मोकळे."

"बाबा, असू दे, आपण बदलू," लेक म्हणाली.

"बदलू ना. पण आधी त्यांना विचारून येतो."

पॅड फडक्यात गुंडाळून मास्तर रिक्षाने सर्व्हिस सेंटरला गेले. कपडे न बदलता गेले, हात न धुता. बाहेर काचेचं दार, आत गारेगार हवा, फुलदाणी, आणि काउंटरमागे टाय लावलेला एक हसरा माणूस. मास्तरांनी फडकं त्या चकचकीत काउंटरवर उलगडलं.

"बोला सर, काय मदत करू?"

"ही गाडी तुम्ही तपासलीत. हा तिचा आतला पॅड. कोणी बघितला होता?"

टायवाल्याने पॅडकडे पाहिलं, मग गाडीचा नंबर विचारून पडद्यावर काहीतरी शोधलं. "सर, आमच्याकडे तर सहा मिलिमीटर शिल्लक दाखवतंय."

"तुमच्याकडे काय दाखवतंय ते राहू द्या. हा पॅड बघा की! समोर पडलाय तुमच्या!"

"सर, सिस्टीममध्ये जे आहे तेच मी सांगू शकतो."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर लोखंड पडलंय, आणि हा माणूस पडद्यावर बोट ठेवतोय! "चाक काढलं होतं का, तेवढं सांगा."

टायवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू का? साध्या तपासणीत चाक काढत नाहीत. एका गाडीला बारा मिनिटं मिळतात. बाहेरून दिसतं ते बघतात."

"मग तसं लिहा ना! 'बाहेरून बघितलं, आतलं बघितलं नाही', असं लिहा. 'उत्तम' कशाला लिहिता?"

"तसा रकाना नाहीये, सर."

"रकाना नाहीये!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की सोफ्यावर वाट बघत बसलेल्या बाईंनी मासिक खाली ठेवलं. "माझी पोर रोज अकरा वळणं उतरते त्या गाडीतून! तुमच्याकडे रकाना नाही म्हणून तिने दरीत जायचं?"

टायवाल्याने माफीचं तोंड केलं, माफी मागितली नाही. गाडी मोफत धुऊन देतो म्हणाला, पुढच्या वेळी सवलत देतो म्हणाला. मास्तरांना ह्यातलं काही नको होतं. त्यांना एकच वाक्य हवं होतं, आमची चूक झाली. ते वाक्य त्या गारेगार खोलीत कोणाच्या घशाखालून वर येईना. शेवटी टायवाल्याने तक्रार नोंदवून घेतली आणि चौकशी करून दुपारपर्यंत फोन करतो, असं सांगून त्यांची बोळवण केली.

परत येताना सुट्या भागांच्या दुकानातून मास्तरांनी नवे पॅड आणि पिनेला लावायचं ग्रीस आणलं, आणि आल्या आल्या कामाला लागले. जावई पायरीवर उभा राहून म्हणाला, "बाबा, दुसऱ्या एखाद्या गॅरेजला दाखवू या का? तुमचा हात बसवर बसलेला. ही छोटी गाडी."

"ब्रेक तो ब्रेक, जावईबापू. त्याला छोटामोठा कळत नाही."

काम मात्र बघत राहावं असं. अडकलेली पिन त्यांनी हलवून हलवून काढली, घासून लख्ख केली, ग्रीस लावून बोटाने सरकवून पाहिली. नवे, जाड पॅड बसायला जागा हवी, म्हणून पॅडला ढकलणारा पिस्टन शिकंज्यात धरून हळूहळू मागे दाबला. पॅड जिला घासतात त्या डिस्कवर नख फिरवलं. ती बचावली होती, एवढंच नशीब. डावं झालं, उजवंही तसंच केलं, कारण जोडीतला एकच बदलणं त्यांना मान्य नव्हतं. हात चालत होते आणि तोंडही चालत होतं. "सिस्टीममध्ये दाखवतंय म्हणे. बारा मिनिटं म्हणे. रकाना नाही म्हणे!" चाकं चढली, बोल्ट आवळले, जॅक निघाला, तरी त्यांच्या डोक्यातून तो टायवाला काही हलेना.

एक वाजला होता. लेक गणवेश घालून बाहेर आली.

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी भिंतीची फेरी. सरका सगळे बाजूला."

अंगण फाटकाकडे जरा उतरतं होतं, आणि फाटकाशेजारी विटांची भिंत. मास्तर आत बसले, इंजिन चालू केलं, हँडब्रेक सोडला. गाडी आपल्या वजनाने भिंतीकडे निघाली. त्यांनी रुबाबात पेडलवर पाय ठेवला, आणि पाय सरळ खाली गेला. पेडलखाली काही नव्हतंच. पुन्हा दाबला. जेमतेम काहीतरी लागलं. हँडब्रेककडे हात गेला तोवर गाडीने भिंतीला धडक दिली होती.

आवाज मोठा झाला, नुकसान बेताचं. बंपर एका कोपऱ्यात चेपला, दिव्याची काच फुटली. मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पिस्टन मागे दाबला की पेडल पाचसहा वेळा दाबून भरून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे तो पुढे येऊन पॅडला टेकतो. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं. पण त्यांची एकतीस वर्षं हवेच्या ब्रेकवर गेली होती. तिथे इंजिन चालू करायचं, हवा भरू द्यायची आणि निघायचं. रागाच्या भरात हातापायांनी डेपोतलंच केलं.

"बाबा! लागलं का?" लेकीने धावत येऊन दार उघडलं.

"नाही."

"ब्रेक लागला नाही ना? त्या लोकांनीच ब्रेक ऑइलची काहीतरी गडबड केली असणार!"

आता नवल बघा. सकाळपासून कागद कवटाळून बसलेला जावई एकदम सासऱ्याच्या बाजूचा झाला. मोबाइल काढून तो बंपरचे फोटो घ्यायला लागला. "सोडत नाही आता त्यांना. नऊ दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालेल्या गाडीचा ब्रेक फेल! बंपरसकट सगळं भरून घेतो. तुमचंच बरोबर होतं, बाबा."

तुमचंच बरोबर होतं. हे ऐकायला मास्तर किती वर्षं थांबले होते! नुसती मान हलवायची होती. टायवाला हात जोडत आला असता, कदाचित ते एक वाक्यही बोलला असता. आणि तसं बघितलं तर त्या लोकांची तीच लायकी होती.

"ब्रेक फेल झाला नाही," मास्तर म्हणाले. "पेडल भरून घ्यायचं मी विसरलो. माझी चूक."

"अहो, पण हे कोणाला कळणार आहे? आपण तिघंच तर आहोत इथे."

"तिघं काय कमी झाले? त्यांनी न बघता 'उत्तम' लिहिलं म्हणून मी सकाळी तिथे आरडाओरडा केला. आता न घडलेलं मी सांगू? मग त्यांच्यात नि माझ्यात काय फरक उरला?"

"मग तुमची तक्रारही गेली बाबा. घरी गाडीशी छेडछाड केली म्हणतील नि हात झटकतील."

"झटकतील," मास्तर म्हणाले. "माहितीये मला. म्हणूनच तर संताप होतोय! पण खोटं नाही बोलणार."

जावयाने फोन खिशात ठेवला. मास्तरांनी पेडल भरलं, एकदा, दोनदा, सहा वेळा, पायाखाली दगडासारखं घट्ट लागेपर्यंत. मग गाडी मागे घेतली आणि भिंतीची फेरी केली. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी गाडी भिंतीपासून हातभर अलीकडे गप्पकन थांबली. तरी त्यांनी पुन्हा जॅक लावला, दोन्ही चाकं काढली, सगळं पहिल्यापासून तपासलं आणि परत चढवलं. लेकीला उशीर होत होता. ती डबा घेऊन उभी राहिली. रिक्षाने जाते, असं मात्र ती म्हणाली नाही.

"बाबा, नेऊ?" तिने विचारलं.

"ने. पण मी येतो बरोबर."

"आता तुम्ही कशाला?" जावई म्हणाला.

"बसवले मी. काही झालं तर मी गाडीत नको?"

तिने डबा त्यांच्या मांडीवर दिला आणि गाडी काढली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मास्तर पुढे बघत होते, हँडब्रेककडे हात नेत नव्हते. पाचव्या वळणाआधी फोन वाजला. टायवाला होता.

"सर, तक्रारीसंदर्भात बोलतोय. पॅड आता कोणी बसवले, ते सांगाल का?"

"मी बसवले. घरी. पेडल भरायला विसरलो, गाडी भिंतीला लागली, बंपर चेपला. चूक पूर्ण माझी, लिहून घ्या. आता तुमचं सांगा. आतला पॅड बघायचं काम कोणाचं होतं?"

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग टायवाला म्हणाला, "धन्यवाद सर. घरी काम केल्यामुळे गाडीचं नुकसान, अशी नोंद करून तक्रार बंद करतोय. तुमचा दिवस चांगला जावो."

फोन कट झाला. सहाव्या वळणावर लेकीने ब्रेक दाबला, गाडी अगदी हवी तिथे, हवी तितकी मंदावली आणि वळली.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"तक्रार बंद केली," मास्तर म्हणाले. फोन खिशात कोंबताना मांडीवरचा डबा कलंडला, आणि आतल्या लशींच्या बाटल्या एकमेकींवर बारीक किणकिणल्या.

लेकीने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "डबा नीट धरा, बाबा," ती म्हणाली, "अजून पाच वळणं आहेत."