मिटल्या ओठांचं स्वगत

"थांबा," म्हणत दिग्दर्शिकेने हात वर केला आणि राजा पायरीवरच थबकला.

हा आठवा प्रयत्न होता. राणीला गमावलेल्या राजाचं ते गाजलेलं स्वगत मास्तर रंगमंचावर शेकडो वेळा बोलले होते आणि आजही शेवटच्या रांगेसाठीच बोलत होते. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर होता. सकाळपासून तिने त्यांना जिन्यावरून उतरवलं, आरशासमोर उभं केलं, रिकाम्या सिंहासनाशी बोलायला लावलं. काही केल्या साधेना.

"मागे एकाने हेच स्वगत घोड्यावर बसवून घेतलं होतं," कॅमेरामन भिंग पुसत म्हणाला. "घोड्याने फार संयत काम केलं."

सगळ्यांत मोठ्याने मास्तरच हसले. "मग आणा घोडा. मी मागे उभा राहून वाक्यं पुरवतो."

ती हसली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती त्यांच्याच नाटकमंडळीत विंगेत उभी राहून वाक्यं पुरवायची. वाक्य कुठे श्वास घेतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"मास्तर, तुम्ही बोलूच नका," ती शेवटी म्हणाली. "आवाज नंतर भरू. फक्त माझ्याकडे बघत राहा. मी कॅमेऱ्याशेजारी बसून काहीबाही बोलेन, ते चित्रपटात येणार नाही. काहीही झालं तरी ओठ हलवायचे नाहीत."

"आमची ही होती तेव्हा घरी असाच बसायचो की," मास्तर म्हणाले. "जमेल."

रंगभूषा करणारी बाई त्यांना मुकुट आणि केस नीट करायला आत घेऊन गेली. ते परत येईपर्यंत दिवे सरकवून झाले होते. दिग्दर्शिकेने बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि कॅमेऱ्याला लागून गुडघ्यांवर बसली. ती स्वगतच हळू आवाजात म्हणणार आहे, असं कॅमेरामनला वाटलं होतं. ऐन वेळी सुचलं, असं तिला पुढे स्वतःला सांगता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. ओठ हलवू नका म्हणतानाच तिचं ठरलं होतं.

तिने हात खाली सोडला. कॅमेरा सुरू झाला.

"मास्तर, ती चिठ्ठी उशिरा नव्हती आली. दुसऱ्या अंकाआधीच दारवान देऊन गेला होता. दवाखान्यात लगेच या, एवढंच होतं तिच्यात. मी ती कमरेला खोचली. खेळ थांबला असता, आणि मला त्या दिवशी तुमचं हे स्वगत ऐकायचं होतं. पडदा पडल्यावर दिली. आत्ताच आली, असं मी सांगितलं."

मास्तरांचे ओठ मिटलेलेच राहिले. डोळ्यांत काहीतरी गोळा होत गेलं, ओसंडेना, नुसतं काठाशी थांबलं. हनुवटी एकदा थरथरली आणि ते बघतच राहिले.

"झालं, ताई," कॅमेरामन पुटपुटला. त्याने सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे न बघता तो वायर गुंडाळायला लागला. "असं पुन्हा मिळायचं नाही."

ती तशीच बसून राहिली. एकतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बोलायला तिने नेमकी अशी वेळ निवडली होती, की ऐकणाऱ्याला उत्तर द्यायची मुभाच नव्हती. वर त्याचा चेहराही टिपून घेतला होता.

रंगभूषेच्या खोलीत ती गेली, तेव्हा बाई मास्तरांची दाढी सोडवत होती.

"ये, ये. अगं, बोलत काय होतीस एवढं?" मास्तर आरशातून म्हणाले. "हिने माझं कानातलं यंत्र काढून घेतलं, जवळून दिसतं म्हणे. एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसता तुझा चेहरा बघत होतो. म्हटलं, पोरीला झालंय तरी काय? आणि मग मलाच आवरेना."

टेबलावरचं यंत्र उचलून त्यांनी कानात बसवलं.

तिने दाराची चौकट धरली. शॉट मिळाला होता. कुणाचं काही मोडलं नव्हतं. हसून मागे फिरलं की झालं.

"पहिल्यापासून ही अशीच," मास्तर बाईला सांगत होते. "आमची ही गेली त्या दिवशी चिठ्ठी घेऊन धावत आली ती हीच. माझ्याआधी हीच रडली. अशी माणसं जपावी लागतात, बाई."

"मास्तर," ती म्हणाली, "यंत्र चालू आहे ना?"

"आहे की."

"चिठ्ठी दुसऱ्या अंकाआधी आली होती. मी ठेवून घेतली."

बाईचा हात दाढीवरच थांबला.

"का?"

"तुमचं स्वगत ऐकायचं होतं."

मांडीवर कसलासा हिशेब करावा तशी मास्तरांची बोटं हलली.

"म्हणजे पोचलो असतो मी."

"हो."

माफी मागण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण तेही त्या क्षणी त्यांच्याकडून आणखी काही मागून घेणंच वाटलं.

मास्तरांनी हनुवटी वर केली. "दाढी परत चिकटव, बाई."

"मास्तर, शॉट मिळालाय. फार चांगला—"

"ते रडणं तुझं होतं," ते शांतपणे म्हणाले. "कॅमेरा लावायला सांग. आणि आता तू समोर बसू नकोस."