आठवा फर्मा

मी एक जुने पुस्तक आहे, पण पुरते नाही. माझी पाने एकशे बारापर्यंत ओळीने जातात, मग पुन्हा सत्त्याण्णववर येतात, पुन्हा एकशे बारापर्यंत चालतात आणि तिथून एकदम एकशे एकोणतीसवर उडी मारतात. मित्रांनो, आपल्यात काहीतरी कमी आहे हे मला ठाऊक होते. काय कमी आहे, ते मात्र फार वर्षे ठाऊक नव्हते.

मी पत्त्यांच्या खेळावरचे पुस्तक आहे. पोकर कसे खेळावे, हातात कोणते पत्ते आले तर जिंकण्याची शक्यता किती, समोरचा थापा मारतो आहे हे कसे ओळखावे, असे सगळे माझ्यात आहे. माझ्यात कोष्टकेही आहेत आणि त्यांतला एकही आकडा चुकलेला नाही. फुशारकी म्हणून हे सांगत नाही. पुढे जे झाले ते आकडे चुकल्यामुळे झाले, असे तुम्हाला वाटू नये, एवढ्यासाठीच सांगते.

छापखान्यात पुस्तक पानापानाने जन्मत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. फर्म्यांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडलेले असतात. बायका टेबलाच्या कडेने चालत जातात आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलतात. टेबल संपले की पुस्तक झाले. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. उचलताना तो बघायचा असतो.

माझी जुळणी करणाऱ्या बाई बोलक्या होत्या. त्या दिवशी त्या घरमालकाची नक्कल करत होत्या. "पाणी जपून वापरा म्हणतो, आणि स्वतः बंबाएवढं पोट घेऊन तासभर आंघोळ करतो!" टेबलाभोवतीच्या सगळ्या हसत होत्या. आठवा गठ्ठा संपला होता आणि त्या हसण्याच्या भरात कोणीतरी त्या जागी सातव्याचाच गठ्ठा सरकवला. बाईंनी सातवा फर्मा उचलला आणि मग पुन्हा सातवाच उचलला. तपासणाऱ्याने मला अंगठा आणि बोट यांच्यात दाबून जाडी पाहिली. जाडी अगदी बरोबर होती.

"भरलंय नीट," तो म्हणाला, आणि मला शिवणीकडे ढकलले.

मला विकत घेतले ते एका चष्म्याच्या दुकानातल्या धाकट्या भावाने. दुकान दोघा भावांचे होते. गिऱ्हाइकांशी बोलणे, डोळे तपासणे, फ्रेमी बसवणे हे थोरल्याकडे, आणि मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासणे धाकट्याकडे. यंत्र दोघांनी मिळून घेतले होते. त्यापूर्वी काचा बाहेरून घासून आणाव्या लागत. यंत्राच्या फिरत्या तबकडीवर वरून पाणी ठिबकत राही. धाकटा काच उचलून अंगठ्याने तिचा बाक चाचपायचा, उजेडात धरायचा आणि केसभर कमी वाटली तर पुन्हा लावायचा. अशा माणसाचा माझ्या कोष्टकांवर जीव जडला, यात नवल नव्हते.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने मला पहिल्यांदा वाचून काढले. समोर त्याची बायको बसली होती. ती एका कपड्यांच्या कारखान्यासाठी घरी शर्टांना बटणे लावून द्यायची. सातवा फर्मा संपून पुन्हा तोच फर्मा सुरू झाला तेव्हा धाकटा थबकला. त्याने मागे-पुढे पाने चाळली. मग त्याचा चेहरा उजळला.

"हे बघ, हा भाग दोनदा छापलाय. 'डाव धीटपणे कसा वाढवावा.' लेखकाने मुद्दाम केलंय. जे महत्त्वाचं, ते दोनदा."

"एका जागी दोन बटणं लावली तर आमच्याकडे शर्ट परत येतो," बायको मान वर न करता म्हणाली.

त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने मला ओढून घेतले आणि अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले. "बाबा, इथे एकशे तेराव्या पानावर 'उठावे कधी' असं प्रकरण आहे. ते कुठे गेलं?"

"उठायला पुस्तक कशाला लागतं गं? पाय आहेत की."

तिघेही हसली. मित्रांनो, त्या घरात माझ्यावरून तिघांनी मिळून हसावे, असे त्यानंतर कधी झाले नाही.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. सुटीच्या दिवशी दुपारी एका गोदामाच्या मागच्या खोलीत डाव मांडला जाई. लाकडी खोक्यांवर फळी टाकलेली, तिच्यावर चहाच्या पेल्यांचे गोल डाग, आणि पैशांऐवजी रंगीत चकत्या. धाकटा मला पिशवीतून नेई आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी. तो जिंकू लागला. बाकीचे त्याला "या, प्रोफेसर" म्हणू लागले. घरी आला की काचा पुसायच्या मऊ फडक्याने तो माझे पुठ्ठे पुसायचा. सातवा फर्मा तर त्याला तोंडपाठ झाला होता. हात चांगला असेल तर वाढवा. समोरचा डगमगला तर आणखी वाढवा. थोडेथोडे लावणारा थोडेथोडे हरतो.

त्यात खोटे काही नव्हते.

त्याच्यासमोर नेहमी बसायचा तो गोदामाचा मालक. त्याला खेळ यथातथाच येई. त्याने पत्ते लपवले नाहीत की खुणा केल्या नाहीत. मी कट्ट्यावरून सगळ्यांचे हात पाहत असे, म्हणून हे खात्रीने सांगते. हरला की तो उठे, खणातून चकत्यांचा नवा डबा काढी आणि पुन्हा बसे.

"तुमच्यासारखं डोकं नाही हो मला," तो धाकट्याला म्हणायचा. "मी आपला बसून राहतो."

हळूहळू डाव उलटे पडू लागले. धाकटा खेळायचा बरोबरच. पण दहा डाव बरोबर खेळून मिळवलेले अकराव्यात जाई, आणि त्याच्याकडे दुसरा डबा नव्हता. आधी हातातले घड्याळ गेले. मग बायकोला न सांगता मोटारसायकल गेली. "दुरुस्तीला टाकलीय," असे त्याने सांगितले, आणि बरेच दिवस ती दुरुस्तच होत होती. दुकानात थोरल्या भावाने विचारले, "अरे, तू चालत का येतोस हल्ली?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, दादा."

"कुठल्या डॉक्टरांनी? मलाही दाखव की. माझं पोट बघ."

थोरला हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचा भावावर तेवढा विश्वास होता.

मग एका सुटीच्या सकाळी धाकट्याने घरात सांगून टाकले. आज तो डावावर यंत्र लावणार होता. यंत्रातला आपला अर्धा वाटा.

"अर्धं यंत्र काच घासतं का हो?" बायकोने विचारले. तिच्या हातातली सुई थांबली होती. यंत्र गेले तर दुकान बंद, हे तिला ठाऊक होते. मुलीला विज्ञानाच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आणि तो खर्च दुकानातूनच निघायचा होता. "भाऊजींना विचारलंत?"

"जिंकल्यावर सांगतो. एकदाच. सगळं परत आणतो आणि उठतो."

 मुलीने आईच्या बटणांची बरणी उचलली आणि टेबलावर अर्धी ओतली.

"सांडू नको, मोजून परत द्यायची आहेत," आई म्हणाली, तेही सवयीने.

मुलीने मूठभर बटणे वडिलांसमोर ठेवली. बाकीचा ढीग आणि बरणी तिने स्वतःकडे ओढली. मग पत्त्यांचा जोड घेतला आणि त्यातले दोन काळे पत्ते काढून बाजूला ठेवले.

"पत्ता ओढायचा, बाबा. लाल निघाला तर तुम्ही जिंकलात, काळा निघाला तर मी. दोन काळे कमी केलेत, म्हणजे तुमचं पारडं जड. तुम्ही माझ्यापेक्षा चांगले खेळता असं धरलंय. किती बटणं लावायची ते तुम्ही ठरवा. दर वेळी पत्ते पिसू."

"यात डोकं कुठे आलं?"

"डोकं त्या दोन पत्त्यांत आलं. बसा ना."

तो बसला. मी त्याच्या कोपराजवळ होते. तो सातव्या फर्म्याप्रमाणे खेळला, तीन-तीन, चार-चार बटणे लावून. त्याची मूठ वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली आणि संपली. मुलीने तितकीच बटणे पुन्हा त्याच्यासमोर ठेवली. ती संपायला आणखी कमी वेळ लागला. तिसऱ्या वेळीही ढीग उलट्या बाजूनेच फुगला.

"पारडं अजून तुमचंच जड आहे," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "दोन काळे बाहेरच आहेत. पण मी हरले तर माझ्याकडे बरणी आहे. तुम्ही हरलात की खेळच संपतो."

चौथ्या वेळी लाल पत्ते लागोपाठ आले. धाकट्यापुढे बटणांची रास झाली. त्याचे डोळे चमकले. खुर्ची मागे सरकवून तो उठला.

"बघ! वाढली की नाही?"

"बाबा, अजून संपलं नाही. बसा. शेवटपर्यंत खेळू."

"पुरे. बघितलं ना तुझ्या डोळ्यांनी?"

मित्रांनो, जिंकत असताना तो खेळातून उठला, असे मी त्याच्या आयुष्यात एकदाच पाहिले. ते त्या टेबलावरून, बटणे सोडून. त्याने मला पिशवीत टाकले आणि तो निघाला. पायऱ्या उतरेपर्यंत मला वर बटणे बरणीत पडल्याचा आवाज येत होता.

त्या दुपारी यंत्र ज्या डावावर लागले, त्यात त्याच्या हातात चांगले पत्ते होते. माझ्या कोष्टकाप्रमाणे तसा हात पाचांत चार वेळा जिंकतो. ही पाचवी वेळ होती. गोदामवाल्याने पत्ते उलटले तेव्हा तो स्वतःच चपापला.

"अरेच्चा," तो म्हणाला. "मला वाटलं तुमचंच आहे." मग अवघडून विचारले, "चहा घेणार?"

अर्धे यंत्र नेता येत नाही. थोरल्याच्या वाट्याबद्दल गोदामवाल्याने त्याच्या हाती काहीबाही ठेवले आणि हमाल पाठवले. थोरला भाऊ मागच्या खोलीत उभा होता. त्याने आधी ठिबकणाऱ्या पाण्याची तोटी बंद केली. मग वाकून यंत्राचा पट्टा सोडवायला लागला.

"पट्टा राहू दे आमचा," तो हमालांना म्हणाला. "परवाच नवा घातलाय मी."

"दादा..." धाकटा म्हणाला.

थोरल्याने पट्ट्याची गुंडाळी केली, ती काखेत धरली आणि तो पुढच्या दाराने निघून गेला. दोघा भावांचे एकमेकांशी शेवटचे बोलणे कोणते, हे मी पुष्कळदा आठवून पाहते. ते चालत येण्याबद्दलचे आणि पोटाबद्दलचेच असावे.

त्यानंतर धाकटा दुसऱ्याच्या दुकानात चष्म्यांचे स्क्रू आवळायला बसू लागला. मुलगी कॉलेजात गेली नाही. तिला एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीसाचे काम मिळाले. दुसऱ्यांनी करायच्या प्रयोगांसाठी ती काचेच्या नळ्या धुऊन ठेवी. मला कोणी जाळले नाही, फेकलेही नाही. मी कपाटावर पडून राहिले. माझ्या पाठीचा कागद वाळवीने खाल्ला आणि ओलीने पाने पिवळी पडली.

मग एक दिवस धाकट्याचा कामावरचा सोबती घरी आला असताना त्याने सहज मला चाळले. "अहो, याच्यात पानंच नाहीत की! सोळा पानं गायब आहेत. चुकीचं बांधलंय हे."

धाकट्याने मला हातात घेतले. पाने मोजली. पुन्हा मोजली. इतक्या वर्षांत प्रथमच त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

तेव्हापासून तो येईल त्याला मला दाखवू लागला. "हे बघा. पुस्तकच अर्धं निघालं. कधी उठावं तेच यात नव्हतं. असतं, तर मी उठलो असतो." लोक हळहळत. बायको पुढचा शर्ट ओढून घेई. तिची नजर अधू झाली होती आणि ती बटणे आता बोटांनी चाचपून लावायची. धाकटा मला पुन्हा फडक्याने पुसू लागला, जपून, जसा कोणी साक्षीदाराला जपतो.

धाकटा चांगलाच म्हातारा झाला, त्या सुमारास मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयात एका मयत माणसाची पुस्तके देणगी म्हणून आली. त्यांत माझ्यासारखेच एक पुस्तक होते. त्याच आवृत्तीचे, पण पुरते. मुलगी ते संध्याकाळी घरी घेऊन आली आणि टेबलावर आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडून ठेवले. हिशेब करताना पुटपुटायची तिची सवय अजून गेली नव्हती. एकशे तेराव्या पानापासून ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली, आणि माझ्यात काय नव्हते ते मला असे कळले.

तिथे लिहिले होते: वाचकाने मूठभर काड्या स्वतःपुढे आणि पेटीभर काड्या सोबत्यापुढे ठेवाव्यात. स्वतःला थोडे झुकते माप घ्यावे. मोठमोठे डाव लावून पाहावेत आणि मूठ किती वेळा संपते ते शेवटपर्यंत बसून मोजावे. त्यानंतर या पुस्तकाचा उरलेला भाग वाचावा.

तिने एवढे वाचले आणि ती थांबली. तळहात पानावर तसाच राहिला.

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "काय वाचतेस गं?"

मला वाटले, आता ती सांगेल. जे तुमच्या पुस्तकात नव्हते ते मी याच टेबलावर मांडले होते, असे म्हणेल. तिला तो हक्क होता. तिने दाराकडे पाहिले. दारातून त्याचे पाय दिसत होते, चादरीबाहेर आलेले, बारीक झालेले. ती उठली आणि तिने चादर ओढून ते झाकले.

"शाळेचं आहे, बाबा."

"माझ्या पुस्तकाची पानं कुठे मिळाली तर बघ हं. कुणाकडे तरी असतील."

"बघते."

दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक परत नेले. त्याआधी खळ करून माझी सुटलेली पाठ चिकटवली आणि मला त्याच्या उशाशी ठेवले. तो गेला तेव्हाही मी तिथेच होते. त्याच्या मनात शेवटपर्यंत दोष माझा राहिला. तो माझ्याकडेच राहू दे, असे तिने ठरवले होते, आणि मी ते मानले आहे.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, ओला हात लावू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या घरातले कोणी वाद न घालता तुमच्यासमोर बटणे मांडून बसले, तर आपली रास वाढलेली पाहून उठू नका. शेवटचे बटण जाईपर्यंत बसा. बटणे परत बरणीत भरता येतात.