तिसरी टाकी

"दादा, जरा परत बघा. मला साबणासारखा वास येतोय."

वाळवणावरच्या बाईंनी तिसऱ्या टाकीतल्या तेलाची वाटी पुन्हा पुढे केली. दादांनी ती नाकाशी धरली, नेहमीसारखे डोळे मिटले. साबणाचा वास नाही, खोबऱ्याचाही नाही. सात महिन्यांपूर्वी आलेला ताप जाताना त्यांचा वास घेऊन गेला होता.

खोबरेल तेलाच्या त्या गिरणीत एकतीस वर्षं दादांचं नाक हेच यंत्र होतं. खोबरं ओलं राहिलं, बुरसलं, धुरावर करपलं, तर तेलात काय उतरतं ते दादा वाटी हलवून सांगत. प्रयोगशाळेचा माणूस महिन्यातून एकदा येऊन तेलातलं आम्ल मोजायचा, आणि त्याचा आकडा दादांच्या शब्दाला कधी सोडून नसायचा. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, म्हणून वास गेल्याचं त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नाही. वाटी हातात आली की सहज विचारल्यासारखं विचारत, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" आणि त्या म्हणतील तेच जरा घोळवून सांगत.

आज मात्र दोन हमाल पोती टेकवून ऐकत उभे होते. एक जण हसला. "काय दादा, नाक बाईंकडे दिलं वाटतं?"

दादांची कानशिलं तापली. "तुम्ही खोबरं वाळवा," ते बाईंना म्हणाले. "नाकाचं मी बघतो." आणि वहीत टाकी पास म्हणून सही ठोकली.

तिसरी टाकी मोठ्या साठ्यात गेली. अकराव्या दिवशी बिस्किटांच्या कारखान्याने सगळा माल परत पाठवला. प्रयोगशाळेचा माणूस उभ्या नळीतून तेलात थेंब थेंब अल्कली सोडत बसला. गुलाबी रंग यायचा आणि विरून जायचा. एकदाचा टिकला, तेव्हा नळी जवळजवळ रिकामी झाली होती, इतकं आम्ल निघालं.

"खोबरं ओलं होतं," तो म्हणाला. "ओलाव्याने तेल फुटतं, आम्ल सुटतं. साबणासारखा वास येतो तो त्याचाच. कोणाला आला कसा नाही?"

साहेबांनी बाईंना बोलावलं. दादा दाराशीच उभे होते.

"वाळवण तुमच्याकडे होतं."

"मी आणखी दोन दिवस मागितले होते, साहेब. गिरणी थांबवता येत नाही म्हणालात."

"मग टाकी भरली तेव्हा तरी सांगायचं."

बाईंनी एकदा दादांकडे पाहिलं. दादांनी मान खाली घातली. बाई तशाच बाहेर पडल्या. संध्याकाळी त्यांना कामावरून काढल्याची नोटीस फाटकाजवळच्या फळ्यावर लागली.

चौथ्या दिवशी दादा बाईंच्या खोलीवर गेले. खाटेवर त्यांची म्हातारी आई झोपली होती. बाईंनी पाणी दिलं.

"मला वास येत नाही, बाई."

"ठाऊक आहे. एकदा करपलेल्या खोबऱ्याचं तेल दिलं होतं, मला न विचारताच तुम्ही म्हणालात, गोड आहे. तेव्हापासून ठाऊक आहे."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीत?"

बाईंनी आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "गिऱ्हाइकांना काय सांगू? वास न येणारा माणूस सात महिने तेल पास करत होता म्हणून? पाचच महिने राहिलेत तुमचे. गप्प बसा, दादा."

दादा बाहेर आले. वहीतला एक कागद फाडला, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तिसरी टाकी मी पास केली. बाईंनी मला वेळीच सांगितलं होतं. माझं नाक चालत नाही." खाली सही केली, आणि कागद नोटिशीला लागूनच टाचला.

साहेबांनी तो तासाभरात काढला, पण तोवर सगळ्या गिरणीने वाचला होता. बाईंना काही परत घेतलं नाही. पुढे त्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागल्या. दादांना तर त्याच सकाळी फाटकाबाहेर काढलं.

समोरच्या भिंतीच्या सावलीत ते चपला काढून बसले. घाण्यांची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. इतक्या सकाळी ते कधीच घरी गेले नव्हते. बायकोने दारात विचारलं असतं, काय झालं म्हणून. रोज जेवायला घरी जात तो दुपारचा भोंगा होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.