एका रविवारी दोन लग्नं

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. पितळेचा, वाकड्या मानेचा, पोटावर एक खळगा असलेला. मित्रांनो, मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेटीत ठेवलं तरी माझी बटणं टिकटिकत राहतात. शेजारच्यांना वाटतं, पाल चुकचुकतेय.

माझा जन्म कुठं झाला, ते मी रोज वेगळं सांगतो. परवा सांगितलं की एका देवळासमोरच्या पितळी हत्तीची सोंड चोरीला गेली, तीच मी. आज खरं सांगतो. मुंबईच्या जुन्या बाजारात मोडक्या खुर्च्यांखाली मी पडलो होतो. वसईकडच्या आगाशीच्या शत्रुघ्ननं मला बाहेर ओढलं आणि जोरात फुंकलं. आधी एक झुरळ निघालं, मग सूर निघाला. दोघांपैकी एकाला तो घरी घेऊन आला.

त्यानं मला चिंच लावून घासलं. एक स्प्रिंग तुटली होती, तिथं रबर बँड लावला. तो अजून तिथंच आहे. म्हणजे तो नाही, त्याची विसावी पिढी.

शत्रुघ्नचं सात जणांचं बँडपथक होतं. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात ज्याच्या त्याच्या चपला. लग्न असेल तिथं आम्ही. माझं नाव असं झालं होतं म्हणून सांगू! वटारच्या एका वाडीत मी सूर लावला तेव्हा समोरचा केळीचा घड हिरवागार होता. दुसऱ्या कडव्याला तो पिवळा झाला. तिसऱ्या कडव्याला पाहुण्यांनी खाऊन टाकला. खोटं वाटत असेल तर सालं शोधा जाऊन.

पण मित्रांनो, वाजवणाऱ्याच्या घरात लोक टाळ्या वाजवतात तेवढेच दिवस चूल पेटते. ईस्टरआधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास आला की त्यांची लग्नं बंद. पावसात चातुर्मास लागला की हिंदूंची बंद. पितृपक्षात तर कुणी शिट्टीही मारत नाही. मग शत्रुघ्न दुसऱ्यांच्या वाडीत केळीचे घड उतरवायचा, शाळेच्या गॅदरिंगला पोरांची गाणी बसवायचा, कधी बाजारात कुणाच्या दुकानावर बसायचा. मी कपाटावर. दोघंही चुळबुळत. त्याची बायको विनया ब्लाऊज शिवायची. खरं घर तिच्या मशीनवर चालायचं, आणि ती ते बोलून दाखवायची नाही. फक्त मशीन जरा जोरात चालवायची.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. विनयाच्या भावानं शत्रुघ्नसाठी वसई पूर्वेला पुठ्ठ्याच्या कारखान्यात नोकरी बघितली. बाराही महिने पगार. कारखान्याला काय, उपवास नाही आणि चातुर्मास नाही.

"अहो, दादा सोमवारी विचारणार आहे," विनया म्हणाली. "काय सांगू?"

शत्रुघ्न माझी रीड पुसत होता. रीड म्हणजे माझ्या तोंडातली वेताची पट्टी, माझी जीभच म्हणा. ती त्यानं तीन वेळा पुसली.

"ईस्टरनंतरच्या रविवारी पापडी गावचं लग्न घेतलंय, आणि वटारचंही. दोन्ही नीट झाली तर सीझनभर लोक बोलावतील. मग नोकरी नको. एक जरी बिघडलं, तर सोमवारी माझा डबा भर."

"एका दिवशी दोन? तुम्ही एकटे आहात की जुळे?"

त्याचा हिशोब सरळ होता. पापडीला चारचं लग्न. नवरीला वाजतगाजत चर्चच्या दारात नेऊन सोडायचं, परतीला नवरा-नवरीसाठी गाडी होतीच. मग टेम्पोत बसून वटार. तिथला मुहूर्त दिवेलागणीचा. मला तर काय, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चाळीस दिवस मी कपाटावर धूळ खात होतो.

रविवार उजाडला. पापडीला नवरीची आई इझाबेलबाय आम्हाला मांडवाबाहेर उभं करून आत गेली. तिथली रीत अशी, की नवरी घराबाहेर पडण्याआधी घरातली सगळी वडील माणसं एकेक करून तिच्या कपाळावर क्रूस काढतात, आशीर्वाद देतात, आणि तोवर बँड हळू वाजत राहतो. शत्रुघ्नला हे ठाऊक होतं. पण पापडीत म्हाताऱ्या किती, ते त्यानं मोजलं नव्हतं. एक उठली की तिच्या जागी दोन बसायच्या. मला वाटतं शेजारच्या गावांतूनही भाड्यानं आणल्या असाव्यात. शत्रुघ्नची नजर सारखी घड्याळावर. त्याची बोटं माझ्या बटणांवर घाई करायला लागली, आणि मीही.

नवरी निघाली तशी त्यानं चाल दुप्पट केली. संथ कूच वाजवायचं ते घोड्याच्या टापांसारखं वाजलं. बँड पळायला लागला म्हणून वरात पळायला लागली. नवरी सालोमी पुढं, तिचा पांढरा झगा मागं, झग्यामागं तो पकडायला दोन करवल्या. एक आजोबा काठी टाकून पळाले, ते म्हणे अजून काठीशिवाय चालतात. आम्ही वीस मिनिटं आधी चर्चला पोचलो.

आणि दार बंद.

उपवासात अडून राहिलेली सगळी लग्नं त्या रविवारी एकदम सुटली होती. आमच्या आधीचं लग्न अजून आत चाललेलं. ते उशिरा सुरू झालं होतं. एप्रिलचं ऊन, सावली नाही, सालोमीच्या कपाळावरून पावडर ओघळतेय.

इझाबेलबाय शत्रुघ्नसमोर येऊन उभी राहिली. "लग्नाला आलास की आग विझवायला?"

त्यानं खरं ते सांगितलं. वटारलाही शब्द दिलाय, तिथं उशीर होतोय, माझं चुकलं.

"मग जा. मी हात धरलाय का तुझा?" ती म्हणाली. "पण माझी पोर दाराबाहेर मुकी उभी राहिली, तर पापडीत परत दिसू नकोस."

टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आमचे सहा जण शत्रुघ्नकडे बघत होते. तो ना उभा राही ना निघे. मला वाटत होतं, पळू या. माझ्या अंगात पळणंच भरलं होतं.

तेवढ्यात सालोमी पायरीवर बसली. चपला काढल्या, पाय चोळले आणि म्हणाली, "काका, आता जरा हळू वाजवा ना काहीतरी. माझी छाती धडधडतेय."

शत्रुघ्ननं टेम्पोवाल्याला हातानंच थांब म्हटलं. मला तोंडाला लावलं. इतका हळू, इतका लांब सूर त्यानं त्याआधी कधी धरला नव्हता. नारळ पडले नाहीत, केळी पिकली नाहीत. पोरीचा श्वास खाली बसला, एवढंच झालं. इथं मी काही वाढवून सांगत नाहीये. दार उघडून ती आत जाईपर्यंत आम्ही वाजवत राहिलो.

वटारला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मांडवात एका टेपवर कॅसेट वाजत होती. मुलीचे वडील, वाडीवाले गंगारामभाऊ, आमच्याकडे आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बसा, जेवून घ्या," ते म्हणाले. "मुहूर्त थांबत नाही हो. पोरांनी ती लावली. मला कॅसेट नको होती, शत्रुघ्न. म्हणून तुला सांगितलं होतं."

सातही जण खाली मान घालून जेवले. लाल कोटात घास जड जातो.

सोमवारी विनयानं डबा भरला. भाजी त्याच्या आवडीची केली. शत्रुघ्न कारखान्यात जायला लागला. बँडपथक पांगलं. मी कपाटावर, डोक्यावर इस्त्रीची चादर. दोनेक महिने माझा आवाज त्या घरात कुणी ऐकला नाही.

आवाज दुसराच यायचा. संध्याकाळी शत्रुघ्न परत आला की रिकामा डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि झाकणावर त्याची बोटं चालायची. माझीच बटणं, माझीच गाणी. टकटक, टकटक. विनयानं एक महिना ऐकलं, दोन महिने ऐकलं. मग एक दिवस मशीन थांबवली, स्टुलावर चढली, मला खाली काढलं आणि त्याच्या मांडीवर आपटलं. माझ्या पोटावरचा खळगा तो हाच. लोकांना मी लढाईत पडला म्हणून सांगतो.

"डबा फुटेल माझा," ती म्हणाली. "हा वाजवा. नोकरी सोडा असं मी म्हटलेलं नाही. रविवार कुठं कारखान्याचा आहे? पण एका रविवारी एकच लग्न घ्यायचं. आणि तारीख मी ठरवणार."

तेव्हापासून तारखा विनयाच्या हातात आहेत. महिन्याला एक, कधी दोन लग्नं, जुन्यांपैकी येतील त्यांना घेऊन. शत्रुघ्न आता वाजवताना घड्याळ काढून खिशात ठेवतो. माझी चुळबुळ काही गेली नाही. सोमवार ते शनिवार मी कपाटावरून विनयाच्या मशीनला चाल सांगत असतो, ती ऐकत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य पडून असेल तर त्याला शोकेसमध्ये मांडू नका. खाली काढा, पुसा, बेसूर का होईना पण वाजवा. आम्ही म्हातारपणानं मरत नाही, गप्प बसून मरतो. आणि तुमच्या दारात बँड आला, तर मांडवाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या त्या लाल कोटांना आधी पाणी द्या. गाण्याची फर्माईश मग करा. तीही एकेक करून.