वाचता येणारे पाणी

मित्रांनो, पोटातून निघालेले पाणी निरोगी असेल, तर पिशवीखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे त्यातून वाचता येतात. त्या सकाळी मोठा मथळासुद्धा दिसेना.

पेन्सिलीहून बारीक अशी मी एक नळी आहे, आणि नळीच्या मानाने जुनी. अर्धी शामलाच्या पोटात, अर्धी बाहेर. तिची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला बसवले. दिवसातून चारदा औषधी पाणी मी आत नेते आणि रक्तातला मळ घेऊन आलेले पाणी बाहेर सोडते. पहिला हिवाळा सुखाचा गेला. सासूबाई रुखमाबाई मला धाकटी सून म्हणत. "ही तरी मले उलटून नाही बोलत," असे शेजारणीला सांगत.

उन्हाळा आला आणि पोटात जंतू शिरले. औषधांनी मेले, पण महिन्याभरात, मथळा न दिसलेल्या त्या सकाळी, पुन्हा आले. पाणी तपासून डॉक्टर म्हणाले, की हे जंतू साचलेल्या पाण्यात वाढतात. पुन्हा असे झाले तर नळी काढावी लागेल, आणि मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येऊन यंत्रावर रक्त धुवून घ्यावे लागेल. घरात कुठे पाणी साचते का, असेही त्यांनी विचारले. शामलाने औषधांची चिठ्ठी घेतली आणि ती उठली.

तिला ठाऊक होते. पिशवी बदलताना माझे तोंड क्षणभर उघडे पडते. त्या वेळी पंखा, कूलर बंद ठेवायचे, असे तिला शिकवले होते. पण नागपूरचा मे महिना! रुखमाबाई स्वतः कूलरची टाकी भरत, वाळ्याच्या ताट्या भिजवत आणि सून घामाघूम दिसली की त्याचा झोत तिच्याकडे वळवत. तो सुगंधी गारवा थेट माझ्या उघड्या तोंडावर येई. इतक्या मायेचा वारा नको, हे सासूला सांगावे कसे? शामला आपल्या तोंडावरचा रुमाल सारखा करी आणि घाईने हात चालवी.

औषधांनी पोटातले पाणी पुन्हा निवळले. दवाखान्यातून परतल्यावर दुपारी तिने हात धुतले, नवी पिशवी टांगली. रुखमाबाईंनी कूलरचे बटण दाबले.

"घामानं निथळून राहिली वं तू."

शामलाची बोटे माझ्या झाकणावर थांबली. मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझी निगा राखायची, तर कधी मायेच्या माणसालाही नाही म्हणावे लागते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "डॉक्टर म्हनत होते, जंतू साचलेल्या पान्यात वाढतेत. थे पानी आपल्या कूलरातच साचते. बंद करा तो. अन् मी हाक देईन तवाच आत या."