ओढ्यापलीकडचं ग्रीन

बेडशाच्या अलीकडं गोल्फचं मैदान झालं तेव्हा अमृतच्या वडिलांनी भातखाचरं दिली आणि बदल्यात पोराला क्लबात घ्यायला लावलं. सातवा होल नेमका त्यांच्याच खाचरांवर आला. होल आखूड, पण ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडं ओढा. शहाणा माणूस पहिला चेंडू ओढ्याच्या अलीकडं ठेवतो आणि दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठतो. अमृत इतकी वर्षं तसाच शहाणा होता. त्यामुळं ग्रीनवर तण काढणाऱ्या बायका त्याच्या पहिल्या फटक्याला जागच्या उठतही नसत.

चिंगीमावशी त्यांतलीच. याच खाचरांत तिनं भात लावलं होतं आणि अमृतला बांधावर खेळवलं होतं. तो ग्रीनवर पोचला की खुरपं न थांबवता ती म्हणायची, "आलास व्हय? तुजा बाप एका उडीत वडा वलांडायचा. तुला दोन फटकं लागत्यात." बायका हसायच्या. तोही हसायचा, पण घरी गेल्यावर ते त्याला डाचत राहायचं.

त्या रविवारी वारा पाठीवर होता. ग्रीनवर चिंगीमावशी एकटीच होती. अमृतनं तिला बाजूला हो म्हणून हात केला. तिनं खुरपं उंचावून 'मार, मार' अशी खूण केली आणि पुन्हा वाकली.

"ती उठू दे ना," बरोबरचा पाहुणा म्हणाला.

"अलीकडंच टाकतोय," म्हणत अमृतनं पिशवीतली सगळ्यात लांब पल्ल्याची काठी काढली. पाहुणा आपली काठी शोधायला वळला.

असा फटका अमृतच्या हातून जन्मात बसला नव्हता. चेंडू ओढा ओलांडून सरळ तिच्याकडं निघाला. अशा वेळी जीव खाऊन ओरडायचं, हे क्लबात पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण ओरडलं तर ती पळेल, आणि चेंडू तिच्याशेजारी येऊन पडलेला तिला दिसणार नाही. तेवढ्यासाठी तो गप्प राहिला.

चेंडू तिच्या कानामागं लागला. तिला दवाखान्यात नेणारी गाडी लोणावळ्याला पोचायच्या आधीच चिंगीमावशी गेली.

तिचा नवरा शिदू दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. त्यानं अमृतला शेजारी बसवलं.

"आरडला व्हतास का रं?"

"व्हय आबा. लय आरडलो."

शिदूनं मान हलवली.

"मंग तिचंच चुकलं, बाबा," तो म्हणाला. "तू नको मनाला लावून घेऊ."