तोफेचे बैल

हेमराजला वाटलं होतं, दुपारचं काम आहे. सांजेपर्यंत बैल देवघरात परत, आईला पत्ताही नाही. माणूस स्वतःच्या हुशारीवर असा विसंबला की समजावं, आता याचं काही खरं नाही.

पिपरीत रक्षाच्या घरी जेवणाच्या टेबलावर लढाई मांडलेली होती. बोटाएवढे शिपाई, फासे, अंतर मोजायला फूटपट्टी. रणांगण मात्र आपल्याकडचं: पुठ्ठ्याचा जिनिंगचा कारखाना, त्याची उंच चिमणी, कापसाचे ढीग, लाल कागदी फुलांचे पळस, मधून निळी नदी. परमुलखातले किल्ले रक्षाला चालत नसत. ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स, हेमराज तिथंच लॅबमध्ये, आणि दोघांना हा एकच नाद.

नियमही त्यांनीच केलेले. जनावर जुंपलं असेल तरच तोफ हलणार, आणि शत्रूचं जनावर धरलं की ते कायमचं आपलं. हेमराजचे दोन हत्ती रक्षाच्या शोकेसमध्ये कधीचे उभे होते. मागून परत मिळाले नव्हते. बाई या बाबतीत फार कडक.

तोफेसाठी मागवलेले खेळण्यातले बैल आलेच नाहीत, म्हणून या शहाण्यानं देवघरातली लाकडी जोडी उचलली. शेती विकून वर्ध्यात आल्यावर वडिलांनी ती कोरली होती. वडील गेले, जोडी राहिली. उद्या पोळा, म्हणजे आज सांजेला खांदशेकणी. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून, पळसाच्या पानानं शेकून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. गोठा नसला तरी त्याची आई, कौशल्याबाई, या जोडीचे खांदे दरसाल शेकत. आत्ता त्या पानं आणायला गेल्या होत्या, आणि इकडे बैल तोफ ओढत होते.

रक्षाचे घोडेस्वार जिनिंगच्या मागून निघाले. "हेमराजभाऊ, बैल मस्त हायेत. कोठून आणले?"

"घरचेच."

"आज माह्याकडे मुक्कामाले येतेत पाहा."

हेमराजला वाटलं, सांगून टाकावं, आईचे आहेत, धरू नको. पण देवघरातून चोरून आणले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तेवढ्यात फोन वाजला.

"कोठी हायेस रे? बैल दिसून नाई राह्यले."

"मीच घेतले, आई. पुसून आणतो."

"लवकर येजो. हळद कालवली हाये."

त्यानं तोफ मागे फिरवली. पायदळ उघडं पडलं तर पडो, बैल नदीपार गेले पाहिजेत. रक्षा हसली आणि तिनं फासा उचलला. चार किंवा वर पडले की बैल तिचे. फासा टेबलावर गरगर फिरला आणि तीनवर थांबला.

"मी हरलो," हेमराज म्हणाला.

"अर्धी फौज बाकी हाये तुमची."

"तरी हरलो." त्यानं बैल उचलून खिशात घातले.

"मंग सेनापती ठेवून जा," रक्षा म्हणाली. ठेवला बिचाऱ्यानं.

घराच्या फाटकाशी गाडी लावून त्यानं बैल बाहेर काढले, तर खांद्यावर तोफेचं जू तसंच. डावात जू सरकू नये म्हणून त्यानंच ते गोंदानं पक्कं चिकटवलं होतं. ओढलं तर निघेना. जोर लावला, आणि जू निघालं ते खांद्यावरचा रंग आणि लाकडाची सालपटं घेऊनच.

आई पाटापाशी बसली होती. तिनं जोडी हातात घेतली, दिव्याजवळ नेली. दोन्ही खांदे पांढरे, सोललेले.

"बैलायचे खांदे आले, जुवानं सोलले," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणी जुपले रे?"

हेमराजनं निघालेलं जू पाटावर ठेवलं.

"तुह्या बापानं यायले जू केलंच नोतं. मी इचारलं, काऊन नाई केलं? तर म्हणे, आपले बैल जनमभर वावरात राबले, मी बी राबलो. हे दोघं तरी बसून खातीन."

तिनं वाटीतलं लोणी कालवलं. मग पळसाचं पान त्याच्यापुढं धरलं.

"घे. तूच शेक."

त्यानं पान घेतलं. वावरातली ओझी वाहून वडिलांचे खांदेही असेच सोललेले असायचे, हे त्याला इतक्या वर्षांनी आठवलं. सोललेल्या खांद्यावर त्यानं अलगद लोणी टेकवलं, आणि पुढं त्याला काही दिसेना.